टेबलावर उरलेली प्रत

१

सव्वादहा वाजता दफ्तरदारांनी तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या खोलीचं दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थांबले. टेबलावर एकच प्रत होती.

आठ वाजता त्यांनी स्वतः दोन ठेवल्या होत्या. वेष्टनाचा कागद सोडून, सुती फडक्याने पुसून, शेजारी शेजारी मांडल्या होत्या. दोन्ही सारख्याच जाड, दोन्हींवर पिकल्या जांभळाच्या रंगाचं कातडं आणि सोनेरी अक्षरं. आता डावीकडची जागच्या जागी होती, आणि उजवीकडे नुसतं टेबल.

दफ्तरदारांनी टेबलाखाली बघितलं, खुर्च्यांखाली बघितलं, पडदे हलवले. ज्या कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात होती तेही उघडून बघितलं. हरवलेली वस्तू माणूस आधी तिथेच शोधतो, जिथे ती असणं शक्य नाही. मग ते खुर्चीत बसले.

त्या दिवशी दुपारी चार वाजता दोन मोठ्या देशांच्या व्यापारी मंडळांचा करार व्हायचा होता. पाहुणा देश पवनचक्क्यांची यंत्रं देणार, आपला देश पाती घडवणार, आणि तयार पवनचक्क्या दोघांनी मिळून जगात विकायच्या. बंदरावर जहाजं बांधण्याच्या शेड नऊ वर्षं कुलूपबंद पडल्या होत्या. त्यांत साठ-साठ मीटर लांबीची पाती तयार व्हायची होती. अकरा महिने बोलणी चालली होती. पातं बोटीत कोणत्या टोकाने चढवायचं, यावरसुद्धा चार दिवस गेले होते.

प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या सह्या होत्या आणि पाहुण्यांचे वकील आदल्याच दिवशी मायदेशी परतले होते. म्हणजे नवी प्रत छापून भागणार नव्हतं. पाहुण्यांचं विमान संध्याकाळी सातचं होतं.

या खोलीकडे जायला एकच जिना, आणि जिन्याच्या तोंडाशी दफ्तरदारांचं टेबल. आल्यागेल्याची सही वहीत होतेच. दफ्तरदारांनी वही उघडली. साडेआठ ते सव्वानऊ, दुभाषी मुलगी, दोन्ही प्रती शेवटच्या वाचायला. नऊ वीस ते नऊ पन्नास, बाइंडरकाका, प्रतींना फीत बांधायला. नऊ चाळीसला दोन मिनिटं गिअरवाले शेठ, नुसतेच डोकावायला. आणि दहा वाजून पाच मिनिटांनी पुन्हा दुभाषी मुलगी, विसरलेला शब्दकोश न्यायला.

शेवटची सही तिची होती. जाताना तिच्या खांद्याला भली मोठी पिशवी होती, हेही दफ्तरदारांना आठवलं, आणि आठवल्याचं त्यांना वाईट वाटलं.

२

मुलीची आई या देशाची, वडील त्या देशाचे. सुरुवातीला दोन्ही मंडळांनी आपापला दुभाषी आणला होता, पण ते दोघे एकमेकांच्याच चुका काढत बसायचे. तेव्हा दोघांनाही रजा देऊन दोन्ही बाजूंनी मिळून हिला नेमलं. तिची आई तेव्हाच म्हणाली होती, बाई गं, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. मुलगी हसली होती.

अकरा वाजता मोठ्या दालनात ती दोन्ही घरांच्या मधोमध उभी होती.

आपल्या मंडळाच्या अध्यक्षांचा सूर मऊ होता, पण अर्थ मऊ नव्हता. शेवटी आत गेलेली तीच, तेव्हा प्रत कुठे आहे ते तिने सांगावं. पाहुण्यांचे प्रमुख उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं पडलं की गेली ती आमची प्रत, राहिली ती तुमची, तेव्हा यजमानांच्या सांगण्यावरून कुणीतरी एखादं कलम बदलायला ती नेली असावी, आणि आत शेवटी गेलेली ही मुलगीच होती. आता अडचण अशी की तिच्याशिवाय दोघांपैकी कुणालाच दुसऱ्याचं कळत नव्हतं. तेव्हा तिच्यावरचा आरोप तिनेच इकडून तिकडे नेला आणि तिकडून इकडे आणला. एक शब्द कमी केला नाही, की एक शब्द मवाळ केला नाही.

मग तिने आपण होऊन पिशवी टेबलावर पालथी केली. तीन शब्दकोश, जेवणाचा डबा, सपाट चपलांचा जोड. प्रत नव्हती. पण नसण्याने काही सिद्ध होत नाही, असं कुणीतरी मागून पुटपुटलं. जिना होता, खाली रस्ता होता, मध्ये दहा मिनिटं होती.

ठरलं असं, की चारपर्यंत प्रत मिळाली नाही तर दोन्ही मंडळं तिच्याविरुद्ध एकच पत्र काढतील आणि तिचा परवाना रद्द करायला सांगतील. अकरा महिन्यांत पहिल्याच फेरीत एकमत झालेली ती एकमेव गोष्ट.

ते वाक्यसुद्धा तिनेच भाषांतरित केलं.

३

पोलिसांना बोलावलं तर संध्याकाळच्या बातम्यांत करार बुडाला असता. अध्यक्षांनी ताईंना बोलावलं.

ताईंनी तीस वर्षं बंदराच्या कस्टममध्ये परदेशी माल उघडून तपासला होता, म्हणून सगळं बंदर त्यांना खोक्यांच्या ताई म्हणायचं. निवृत्त झाल्यावरही दोन व्यापाऱ्यांत काही अडलं की त्यांनाच निरोप जायचा. त्यांचा एक नेम होता. रोज सकाळी देवापुढे हात जोडून ठरवायचं, की आज कुणाबद्दल ऐकलेलं वाईट पुढे न्यायचं नाही. कस्टमच्या नोकरीत हा नेम पाळणं म्हणजे मिठाच्या गोदामात राहून अळणी जेवणं. पण त्यांनी तो निभावला होता. वाईट पुढे न्यायचं नसलं, की माणूस ते स्वतः तपासून बघायला शिकतो.

त्या आल्या, पाणी प्यायल्या, दोन मिनिटं डोळे मिटून बसल्या आणि आधी मुलीला भेटल्या.

मुलगी रडत नव्हती. साडेआठला दोन्ही प्रती पानोपानी वाचल्या, दोन्ही ठीक होत्या, असं तिने सांगितलं. शब्दकोश खिडकीत राहिला होता. दहाला तो घ्यायला गेली तेव्हा टेबलाकडे पाठ होती. तिथे एक प्रत होती की दोन, तिला खरंच सांगता येत नव्हतं. एकच होती असं म्हणाली असती तर तिचा काही काळ निभाव लागला असता, पण बघितलंच नव्हतं तर म्हणायचं कसं?

ताईंनी विचारलं, तुला कुणाचा संशय येतो का. तिने नकारार्थी मान हलवली.

"ताई, सुताराकडे करवत असते, शिंप्याकडे मशीन असतं. माझ्याकडे काय आहे? माझ्या तोंडून हे लोक एकमेकांवर विश्वास ठेवतात, एवढंच. तो गेला की हे तोंड नुसतं जेवायला उरेल."

ताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. जो अडकलेला असतो तो सुटण्यासाठी आधी दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. या मुलीने बोट उचललंच नव्हतं.

मग दफ्तरदार. ताईंनी त्यांना साधा प्रश्न विचारला, दोन्ही प्रती अगदी एकसारख्या होत्या ना?

दफ्तरदार अडखळले. मजकूर एकच, कलमं एकच, पण एक फरक होता, आणि तो मुद्दाम ठेवलेला होता. दोन देशांत करार झाला की दोन प्रती निघतात. आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर आपल्या देशाचं नाव आधी येतं, पाहुण्यांच्या प्रतीवर त्यांचं. कव्हरवर तसंच, आत तसंच. म्हणजे कुणीच दुसरा ठरत नाही. जुनी रीत आहे, पण बाहेरच्यांना ठाऊक नसते. त्यांना स्वतःलाही गेल्या महिन्यातच कळली होती.

"बाइंडरकाकांना ठाऊक होती?" ताईंनी विचारलं.

"होती ना. मागच्या आठवड्यात त्यांच्या घरून फोन आला होता, की एका कव्हरवर नावं उलटी लिहून दिलीत, तशीच ठोकायची का. मी म्हटलं, तशीच ठोका, तसंच बरोबर आहे."

"फोनवर काका होते?"

"नाही, बाईमाणसाचा आवाज होता. पण विचारलं काकांनीच असणार. कव्हरवर अक्षरं ठोकायचं काम त्यांचं."

 ताईंनी पाण्याचा पेला जो खाली ठेवला, तो परत उचलला नाही.

४

गिअरवाले शेठ स्वतःहून ताईंसमोर येऊन बसले. बाहेरून गिअर मागवून विकायचा त्यांचा धंदा होता. पाहुणे थेट यंत्रं देऊ लागले की त्यांच्या दुकानावर माश्या बसणार, हे साऱ्या मंडळाला माहीत होतं. त्यांनी प्रत्येक बैठकीत कराराला विरोध केला होता आणि प्रत्येक बैठकीनंतर पाहुण्यांबरोबर पोटभर जेवले होते.

"माझ्यावर संशय घ्या ताई, मला राग नाही," ते म्हणाले. "पण एक सांगतो. चोरायचंच असतं तर मी दोन्ही नेल्या असत्या. अर्धवट काम आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही."

ताई हसल्या, कारण ते खरं होतं. ज्याला करार मोडायचा आहे तो एक प्रत ठेवून कशाला जाईल? आणि ज्याला मजकूर चोरून वाचायचा किंवा विकायचा आहे त्याला दोन्हींतली कुठलीही चालली असती. मग नेमकी उजवीकडचीच का गेली?

ताईंनी विचारलं, तुम्ही नऊ चाळीसला डोकावलात तेव्हा काय दिसलं?

शेठ म्हणाले, काय दिसणार, बाइंडर बसला होता. दोन्ही प्रती समोर. एकीकडे बघायचा, मग दुसरीकडे बघायचा, जणू दोन जुळ्या भावांतला आपला कोणता हे ओळखायला सांगितलंय. शेठनी हाक मारली तर दचकला. येताना सोबत आणलेला चहा त्याच्या हातातून अर्धा बशीत सांडला. शेठनी त्याला टोमणाही मारला होता, की काका, फीत बांधताय की लग्न जमवताय? म्हातारा नेहमी उलट टोमणा मारायचा. आज नुसता बघत राहिला.

"प्रती तेव्हा दोन होत्या, नक्की?"

"नक्की दोन. आणि ताई, काकांना विचारण्यात वेळ घालवू नका. चाळीस वर्षं त्यांनी या मंडळाच्या वह्या बांधल्यात. त्यांची पिशवी कुणी कधी उघडून बघितलेली नाही."

बोलता बोलता शेठ थांबले. आपण काय बोललो ते त्यांना उशिरा कळलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

५

ताई त्या छोट्या खोलीत एकट्याच गेल्या. सकाळपासून जो तो या खोलीत येऊन नसलेल्या प्रतीची जागा बघून गेला होता. ताईंनी असलेली प्रत बघितली.

कव्हरवर सोनेरी अक्षरं होती. वर आपल्या देशाचं नाव, खाली पाहुण्यांचं. अक्षरं अशी एका ओळीत की वर पट्टी ठेवली तर केसाचाही फरक पडू नये. पाठीची शिलाई घट्ट, टाक्याला टाका मापून. ताईंनी प्रत उचलली, उलटी केली, परत सुलटी केली.

फीत नव्हती.

कडेला फितीची गुंडाळी पडली होती, दुकानातून आली तशी, कागदाचा बिल्ला न फाडलेली. कात्री लागलेलीच नव्हती. काका फीत बांधायला आले, अर्धा तास बसले आणि एकही फीत न बांधता गेले.

ताईंनी दफ्तरदारांकडून वही मागवली. बाइंडरकाकांची आजची सही पाहिली, मग पानं मागे उलटत तीन वर्षांपूर्वीची पाहिली. जुनी सही मोत्यासारखी होती. आजची बघून वाटलं, शाईत बुडालेला मुंगळा कागदावरून चालत गेलाय.

ताईंनी एका हाताखाली वही धरली, दुसऱ्या हाताखाली प्रत, आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिल्या. दीड वाजला होता.

त्या बाहेर आल्या आणि दोन गोष्टी सांगितल्या. मुलीने आपल्याबरोबर यावं, आणि गाडी शेठनी चालवावी.

६

वाटेत शेठनी न राहवून विचारलंच. मागच्या सीटवरून ताईंनी शांतपणे सांगितलं, अगदी घरातल्याला सांगावं तसं.

ज्याच्या सहीत रेघ सरळ जात नाही, तो माणूस सोन्याची अक्षरं एका ओळीत ठोकू शकत नाही. म्हणजे हे काम दुसऱ्या कुणाच्या तरी हातचं आहे. नावं उलटी का, हे फोनवर विचारलं ते त्या हातांनी. उत्तरही त्यांनाच मिळालं. काकांनी प्रती शेजारी शेजारी पाहिल्या त्या पहिल्यांदा आज सकाळी, आणि त्यांना ते उत्तर ठाऊकच नव्हतं. तोवर त्यांनी त्या कागदात गुंडाळलेल्याच बघितल्या होत्या.

"म्हणजे त्यांना वाटलं..." मुलगी म्हणाली.

"त्यांना वाटलं, नावं चुकून उलटी ठोकली गेलीत. बाळ, ही प्रत कुणी वैराने नेलेली नाही. कुणाची तरी चूक झाकायला नेली आहे. आणि माणूस परक्याची चूक झाकायला इतका जीव टाकत नाही."

बाइंडरकाकांचं दुकान एका अरुंद गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत होतं. खळीचा आणि कातड्याचा वास दारापर्यंत येत होता. सून बाहेर उभी होती, हातांच्या बोटांना सोनेरी वर्ख चिकटलेला. मामंजी साडेदहापासून मागच्या खोलीला आतून कडी लावून बसलेत, ती म्हणाली. जेवले नाहीत, हाकेला ओ देत नाहीत.

ताईंनी दारावर टकटक केली नाही. त्या दारापाशी जमिनीवर बसल्या आणि आतल्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "काका, नावं बरोबर आहेत. सूनबाईंची चूक नाही."

आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग कडी निघाली.

प्रत कामाच्या टेबलावर होती. तिचं कातडं सोलून काढलेलं होतं, कव्हरचा पुठ्ठा उघडा पडला होता. आतल्या पानांना धक्का लागला नव्हता. कव्हर काढल्यावर काकांना आतल्या पहिल्या पानावरही पाहुण्यांचंच नाव आधी छापलेलं दिसलं. छापखान्याचं पान काही सुनेने ठोकलेलं नव्हतं. तेव्हा त्यांना कळलं की चूक सुनेची नाही, आपलीच झाली आहे. पण फाडलेलं कातडं घेऊन परत कोणत्या तोंडाने जायचं? तेव्हापासून ते तसेच बसून होते.

दोन वर्षांपासून त्यांचे हात कापत होते. शिलाई, वर्ख, अक्षरं, सगळं सून करायची. नाव काकांचं चालायचं, कारण चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक बाईच्या हाती असं काम द्यायला कचरेल, अशी दोघांनाही भीती होती. ही पहिलीच एवढी मोठी जोखीम, आणि काकांना वाटलं, पोरीच्या हातून घात झाला. कुणाला कळायच्या आत नीट करून आणून ठेवू, म्हणून त्यांनी प्रत अवजारांच्या पिशवीत घातली.

"मला विचारायचं होतं, मामंजी," सून म्हणाली.

"विचारलं असतं तर तुझ्यावर शंका घेतल्यासारखं झालं असतं."

"आणि मी फोनचं सांगितलं असतं तर तुमच्यामागे तुमच्या कामात नाक खुपसल्यासारखं झालं असतं."

 मग ताई म्हणाल्या, "सात समुद्रांपलीकडची माणसं अकरा महिने एकेक गोष्ट विचारत बसली, तेव्हा कुठे करार झाला. तुमच्यामध्ये तर एक भिंतसुद्धा नाही."

काकांनी मान खाली घातली. मग त्यांची नजर दुभाषी मुलीवर गेली, आणि तिच्यावर सकाळपासून काय गुदरलंय ते ताईंनी त्यांना सांगितलं. म्हातारा थरथरत उठला. चला, म्हणाला, मी सगळ्यांसमोर सांगतो.

पण आधी प्रत उभी राहायला हवी होती. दोन वाजून गेले होते. त्याच रंगाचं कातडं एका कव्हरपुरतंच उरलं होतं. चुकायला जागा नव्हती.

अध्यक्षांना निरोप गेला आणि अर्ध्या तासात ते पाहुण्यांच्या प्रमुखांना घेऊन गल्लीत पोचले. त्या खोलीत चार माणसं मावायची, आता सात जण दाटले होते. मुलीने एकेक पान उलटून प्रमुखांना वकिलांच्या सह्या दाखवल्या, सगळ्या जागच्या जागी. काय घडलं तेही तिने त्यांना सांगितलं, काकांची बाजू काकांच्याच शब्दांत. प्रमुख ऐकत होते, आणि नजर सुनेच्या हातांवरून हलवत नव्हते.

सुनेने कातडं कापलं, खळ लावली, कडा दुमडल्या. पितळी अक्षरं शेगडीवर तापवली आणि श्वास रोखून एकेक ठोकलं. आधी पाहुण्यांच्या देशाचं नाव, मग आपल्या देशाचं. काका शेजारी उभे राहून फक्त आच किती, दाब किती ते सांगत होते. खळ वाळावी म्हणून शेठ एका जुन्या पुठ्ठ्याने वारा घालत होते. आपल्या धंद्याच्या चितेला आपणच वारा घालतोय, असं ते म्हणाले, पण पुठ्ठा थांबला नाही.

७

चारला दहा मिनिटं कमी असताना दोन्ही प्रती मोठ्या दालनात शेजारी शेजारी आल्या. या वेळी फितीसुद्धा बांधलेल्या होत्या, आणि त्या सुनेने बांधल्या होत्या. काकांनी सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं की प्रत मी नेली, या मुलीचा त्यात काडीचाही संबंध नाही. आणि हेही सांगितलं, की दोन वर्षांपासून हे काम माझं नाही, माझ्या सुनेचं आहे. पुढचंही तिलाच द्या. अध्यक्षांनी मुलीपाशी जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं, चुकलं आमचं म्हटलं. मुलीने ते पाहुण्यांसाठी भाषांतरित केलं आणि आपल्या जागी उभी राहिली.

मग पाहुण्यांचे प्रमुख उठले. ते कमी बोलणारे गृहस्थ त्या दिवशी बरंच बोलले. मध्ये दोनदा थांबले, एकदा त्यांनी मुलीकडे हात केला. दालनातल्या इतरांना एक अक्षर कळत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

 दुभाष्याचा नियम असा की बोलणारा 'मी' म्हणाला तर त्यानेही 'मी'च म्हणायचं. अकरा महिन्यांत तिने हा नियम मोडला नव्हता. आज ती खाली बघत म्हणाली, "ते म्हणतात, जे झालं ते झालं. सह्या करू या."

अध्यक्षांनी पेन उचललं. ताई मात्र तिच्याकडेच बघत होत्या. इतकं लांब बोलणं आणि एवढंसं भाषांतर?

तेवढ्यात पाहुण्यांच्या प्रमुखांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. एकेक शब्द दगडावर पाय ठेवत ओढा ओलांडावा तसा ठेवत ते यजमानांच्या भाषेत म्हणाले, "नाही. मी... जास्त बोललो. हिने कमी सांगितलं."

 यांना आपली भाषा येते? किती येते? कधीपासून? दहा-बारा जणांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी गेल्या अकरा महिन्यांतलं आपलं आपलं बोलणं येऊन गेलं. शेठनी तर कपाळावर हात मारून घेतला. सांगून टाकलं, की मी यांना तोंडावर काय काय म्हटलंय ते फक्त देवाला ठाऊक, आणि आता यांनाही. आधी प्रमुख हसले, मग सगळेच.

"थोडी येते," प्रमुख म्हणाले. "शिकतो आहे. माझी चूक सांगायला पुरत नाही." आणि त्यांनी मुलीकडे वळून, मान किंचित झुकवून, पुढे बोल अशी खूण केली.

मुलीने मान वर केली. मग ती बोलली, नियमाप्रमाणे, एक शब्द कमी न करता.

"मी आज सकाळी या मुलीवर संशय घेतला. पुरावा नव्हता. ती दोघांची होती, म्हणून मला ती कुणाचीच वाटली नाही. माझ्यावर असा आरोप झाला असता तर मी तो गिळला असता किंवा फिरवून सांगितला असता. तिने तो जसाच्या तसा माझ्यापर्यंत पोचवला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. या करारावर सही करताना माझा विश्वास कागदावर किती आहे ते सांगता येत नाही, पण तिच्यावर आहे. मी तिची माफी मागतो, आणि ही माफी तिला तिच्याच तोंडून म्हणावी लागते आहे, याचीही."

ती थांबली.  ताईंनी डोळे मिटून हात जोडले होते.

"मी जरा पाणी पिते," मुलगी म्हणाली, आणि या वेळचा 'मी' तिचा स्वतःचा होता.

दफ्तरदार लगबगीने पाणी आणायला गेले. चार वाजून गेले होते, खाली विमानतळावर न्यायच्या गाड्या उभ्या होत्या. दोन्ही बाजूंच्या माणसांनी हातातली पेनं खाली ठेवली आणि ती पाणी पिईपर्यंत वाट बघत बसली.